‘आपलंच आहे’ म्हटल्याबद्दल

१४ मार्च, दुपार

बारक्यास,
ताईचा आशीर्वाद. हात सवयीने लिहून गेला, आता खोडत नाही.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हे कागदावर. रजिस्टर पोस्टाने पाठवतेय. पोस्टमनसमोर सही करून घ्यावं लागेल, म्हणजे मिळालंच नाही असं तरी म्हणता येणार नाही.

आईचे गुडघे तसेच. जिना उतरणं बंद झालंय, त्यामुळे खिडकीत बसून गल्लीचा कारभार बघते. येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझ्या नव्या नोकरीबद्दल सांगते. तिला तरी कुठे काय माहीत असतं, मग मनानेच भर घालते. कालपर्यंत तुझ्या हाताखाली बरीच माणसं काम करायला लागली होती. मी मध्ये बोलत नाही.

शाळेची व्हॅन दारात उभी आहे. शाळेने मला काढलेलं नाही, खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबा म्हणाले. मुख्याध्यापिका अगदी गोड बोलल्या, चहासुद्धा दिला. पण मुलं न्यायचा परवाना काढून घेतलाय, आणि गुन्हा अंगाला चिकटला तर तो परत मिळत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. माझ्या गाडीतल्या मुलांना आता दुसरा ड्रायव्हर नेतो. खालून नुसता हॉर्न वाजवतो, उतरत नाही. परवा समोरच्या इमारतीतल्या मुलीने मला बघून हात केला, तर तिच्या आईने तो खाली ओढला. ह्याच बाई उशीर झाला की खिडकीतून ओरडायच्या, थांबा हो जरा, वेणी घालतेय. मी थांबायचे.

जामिनावर सोडताना अट घातली की व्यसनमुक्तीच्या बैठकीला जायचं आणि तपासणीसाठी बाटलीत लघवी द्यायची. तीही दार उघडं ठेवून, बाहेर एक बाई उभी. मी, जिला खोकल्याच्या औषधानेही पेंग येते. पहिल्या बैठकीत मी सांगितलं की मी आयुष्यात कधी काही घेतलेलं नाही. समुपदेशक समजुतीने मान हलवत म्हणाला, सुरुवातीला सगळे असंच म्हणतात. तू तिथे असतास तर पोट धरून हसला असतास.

आता त्या दिवसाचं. तू फोनवर एवढंच विचारलंस की मी पोलिसांना काय सांगितलं. मग ‘ताई, तू काही बोलू नकोस, मी बघतो’ म्हणालास आणि फोन उचलणंच सोडलंस. काय घडलं ते विचारलं नाहीस, म्हणून लिहिते.

तू इथे राहून परत गेल्यावर थोड्याच दिवसांनी. मुलं सोडून रिकामी गाडी घेऊन येत होते. चौकात तपासणी चालू होती. हवालदार म्हणाला, पुढचा कप्पा उघडता का. मी म्हटलं, बघा की, त्यात काय, आणि स्वतःच उघडून दिला. आत फडकं, चार्जर आणि बाबांची चष्म्याची डबी. बाबा गेल्यापासून ती कपाटात असते. गाडीत कशी आली हे मनात यायच्या आत त्याने ती उचलली आणि विचारलं, “हे कोणाचं?”

आपल्या घरात ‘माझं’ म्हणायची सोय नव्हती. माझी पेन्सिल, माझा टॉवेल असं कोणी म्हटलं की बाबा वर्तमानपत्रामागून विचारायचे, “कोणाचं?” आणि आपण ‘आपलं’ म्हणेपर्यंत विचारत राहायचे. हवालदाराने अगदी त्याच सुरात विचारलं रे. माझ्या तोंडून निघून गेलं, “आपलंच आहे.”

मग त्याने डबी उघडली.

आत काचेची नळी होती, काजळी धरलेली, आणि चंदेरी कागदाचा जळका तुकडा. ते नशा ओढायचं सामान आहे हे मला त्याने सांगितल्यावर कळलं. जबाबात त्याने लिहिलं, ‘सदर वस्तू माझी आहे असे आरोपीने कबूल केले.’ मी असं म्हटलं नव्हतं, पण सरकारी कागदात ‘आपलं’ बसत नसावं.

वकीलबाई तरुण आहेत, पण डोकं शांत. त्यांनी एकेक दार ठोठावून बघितलं. झडती बेकायदा म्हणावी, तर कप्पा मीच हौसेने उघडून दिलेला. नळी दुसऱ्या कशाची म्हणावी, तर काजळीत काय सापडलं ते प्रयोगशाळेने लिहून दिलंय. उरला एकच बचाव. वस्तू नुसती जवळ सापडून भागत नाही, ती काय आहे हे माहीत असावं लागतं, आणि मला माहीत नव्हतं. हा बचाव खराही आहे. फक्त बाईंनी पुढे विचारलं, “आपलं म्हणजे नक्की कोणाकोणाचं?”

मी तेव्हा पुढची तारीख विचारून उठले. घरात गाडीला हात लावणारी माणसं दोनच, मी, आणि आलास की तू. संध्याकाळी मित्रांकडे जातो म्हणून किल्ली तूच मागून न्यायचास.

दुसरा रस्ता होता. गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, प्रकरण मिटलं. नोंद मात्र कायमची, आणि मुलांची गाडीही कायमची बंद. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “कर ना कबूल. तुला काय, दुसरं काम मिळेल. त्याचं सगळं आयुष्य पडलंय पुढे.”

बारक्या, तुझा विषय मी तिच्यापुढे एकदाही काढला नव्हता. डबी कपाटातून कोणी नेली हे तिने बघितलं होतं, आणि इतके दिवस ती माझ्या शेजारी बसून जेवत होती. मी म्हटलं, परवाना माझा आहे, आई. तर म्हणाली, असं काय परक्यासारखं बोलतेस. त्या वाक्याने माझं जे तुटायचं ते तुटलं. तुझ्यामुळे तुटलं नव्हतं तेवढं.

कालच्या तारखेला मी गुन्हा नाकारला. वकीलबाईंना तुझं नाव दिलं, पत्ता दिला, गाडी तुझ्याकडे कधी होती तेही सांगितलं. समन्स येईल, कदाचित ह्या पत्राआधीच आलं असेल. बाई म्हणतात, तू साफ नाकारू शकतोस, मग तुझा शब्द आणि माझा शब्द. नाकारायचं असेल तर नाकार. पण इथे येऊन, पिंजऱ्यात उभा राहून, माझ्याकडे बघून नाकार.

तुझं नाव दिल्याचं आईला अजून सांगितलेलं नाही. ते तू सांग. तिचा फोन तू उचलतोस, हे मला माहीत आहे.

कोर्टात भेटू.

तुझी सख्खी बहीण