लंडनच्या हॉटेलातली चूल

जव्हार, मार्गशीर्ष वद्य पंचमी

मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले. आता दादा वहिनींना ऑपरेशनसाठी लंडनला नेणार, आणि मला इंग्रजी येतं म्हणून हॉटेल मी ठरवायचं. राजेरजवाड्यांच्या हॉटेलांना लिहिलं, साध्या लॉजनाही लिहिलं. खोलीत चूल मांडू द्यायला कुणीच तयार नाही. वहिनी तर परक्या चुलीवरचा घासही घेत नाहीत. तिथे जगतील कशावर?

संध्याकाळी दादांकडे गेलो, तेव्हा त्या नाचणी पाखडत होत्या. मी चुलीचं सांगितलं, तर हसल्या.

"चुलीचं राहू द्या, भावजी. माणसांची वर्दळ असेल असं हॉटेल बघा. नंतर हे तिथे एकटेच असतील."

घरी येऊन आणखी एका हॉटेलाला पत्र लिहिलं. पुन्हा चूलच मागितली.