बोभाटा पॉइंट

रवि. ५ जुलै २०१५, अमरावती
आजपासून नवा गेम. माझा स्वतःचा. बोर्ड नाही, पत्ते नाहीत. मी गोष्ट सांगायची, बाकी तिघांनी हिरो होऊन आपण काय करतो ते सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार. इंटरनेटवरून इंग्रजी नियमपुस्तक उतरवलंय, पण मेन नियम माझा: शक्ती वापरली की हिरोच्या अंगातून निळा उजेड पडतो. लोकांनी पाहिलं की बोभाटा पॉइंट. दहा झाले की लोक घाबरून पोलिस बोलावतात आणि हिरो आत. म्हणजे तिघंही शक्ती जपून वापरतील. गेम दिवाळीपर्यंत आरामात.

तिघं म्हणजे कृषी सहायक सुगत, मोबाइल दुरुस्तीवाला नईम आणि माझी मावसबहीण पिंकी, जी डी.एड. करून आमच्याकडे बसली आहे. सहा दिवस मी नांदगाव पेठच्या मिलमध्ये तुटलेलं सूत जोडतो. सातव्या दिवशी गेम मास्टर. हा ग्रुप मोडला तर मला रविवारच उरणार नाही. मोडणार नाही म्हणा. माझ्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.

रवि. १२ जुलै
नईमचा रोजा, म्हणून चहा आतल्या खोलीत प्यायलो. सीन: अकोला बसस्टँड. नईमच्या हिरोने नुसत्या नजरेने एसटी उचलली. निळा उजेड. मी आवाज चढवून सांगितलं, लोक किंचाळत पळाले. सुगत म्हणाला, अकोल्यात कोण पळते, चपला काढून पाया पडतील. मी पुस्तकातलं पान दाखवलं. तोवर पिंकी हिरो सोडून गर्दीतली म्हातारी झाली होती आणि नईमपुढे नारळ ठेवून मोकळी.
बोभाटा चार. कंट्रोल पूर्णपणे माझ्याकडे.

रवि. १९ जुलै
काल ईद. नईमने शीरखुर्मा आणला. दोन वाट्या खाल्ल्या, त्यामुळे जरा ढिला पडलो. बाकी कारण नाही.

हिरोपुढे रांग लागली. नईमने नंबर वाटले, बायांची वेगळी लाइन केली. मी कडक पाऊल उचललं, पोलिस आणला. तर पिंकी तोच पोलिस झाली आणि बदलीचं गाऱ्हाणं घेऊन रांगेत उभी. नंबर सत्तेचाळीस. बोभाटा तेवीस. दहाची मर्यादा पन्नास केली. मोठे गेम मास्टर असे बदल करतातच.

रांगेतली अर्धी माणसं सुगतनेच उभी केली. पेरलेलं करपलं म्हणणारे नत्थुजी, दुबार पेरणीला बी कुठून आणू विचारणारी सत्यभामा. प्रत्येकाचं नाव, गाव, किती एकर, सगळं तयार. एवढी कल्पनाशक्ती! माझ्या संगतीचा परिणाम.

रवि. २६ जुलै
रांगेतल्या सगळ्यांना आता एकच हवंय. सुगतने विचारलं, हिरो पाणी पाडू शकतो का? प्रत्येक हिरोची माहिती लिहिलेल्या शीटवर शक्ती तीन: उचलणे, पेटवणे, गायब होणे. पाणी नाही. मी नाही म्हणालो. सुगतने फासा मुठीतच ठेवला.

"सहदेवभाऊ, सहा दिवस मी रजिस्टर घेऊन फिरून राहिलो. जाईन तिथं एकच, साहेब, काही करा. माह्या हातात काहीच नाही. आज तरी पाडू दे ना."

मी समजावलं. पाऊस पडला की रांग संपली, रांग संपली की गेम संपला. नियम म्हणजे नियम. त्याने फासा माझ्यापुढे ठेवला. पटलं असावं. नईम आणि पिंकीही एकदम शिस्तीत बसले.

रवि. २ ऑगस्ट
सुगत आला नाही. मीटिंग असेल. नईम आला नाही. गिऱ्हाईक असेल. पिंकी आली, पण ती इथंच राहते. दोघांचेही फोन नुसते वाजले. नेटवर्क.

बुध. ५ ऑगस्ट
कालपासून धो धो. मिलची बस आली नाही. सुट्टी. बसून विचार केला: पाऊस आपोआप पडला, म्हणजे सुगतची तक्रारच मिटली. रविवारी हसत येणार. पिंकीला सांगितलं. ती भात वाढता वाढता म्हणाली, "दादा, त्या दिवशी तुमचं काय जात होतं?"
काही जात नव्हतं.

रवि. ९ ऑगस्ट
कोणी आलं नाही. सुगतच्या खोलीवर गेलो. नईम तिथंच होता, सुगतचा भिजलेला फोन उघडून बसलेला. सुगतच्या पँटीला गुडघ्यापर्यंत चिखल. खाटेवर ओले कागद वाळत घातलेले, सहा गावांचे पंचनामे. दुसऱ्यांदा पेरलेलं पाण्यात वाहून गेलं म्हणाला. आता लोक म्हणतात, साहेब, पाणी थांबवा.

मी मोठ्या मनाने सांगितलं, शीटवर चौथी शक्ती टाकली आहे. पाणी पाडणे आणि थांबवणे, दोन्ही. फासा पुढे केला. त्याने घेतला नाही.

"आता नको, भाऊ. तवा खोटं खोटं पाडलं असतं तरी चाललं असतं. एक रविवार झोप लागली असती मले."

परत येताना वाटलं, चुकलं आपलं. फार चुकलं. मग वाटलं, तो थकलाय. दुसरं धरून ठेवलं.

रवि. १६ ऑगस्ट
पिंकीला बोलावलं. ती कपडे धूत होती, धूतच राहिली. एकट्याने खेळलो. सुगतच्या हिरोला पाणी पाडायला सहा हवे होते. नवव्या वेळी पडले. निळा उजेड, ढग, पाऊस, सगळं मोठ्याने सांगितलं. मग रांगेतल्यांनी काहीतरी बोलायला हवं होतं. मीच बोलणार होतो, पण नत्थुजी आणि सत्यभामा सोडून एक नाव आठवेना. बाकी सगळी सुगतला माहीत होती.

उद्या सुपरवायझरला सांगून रविवारची ड्युटी मागून घेतो.