शम्माची टेकडी

सालेमच्या आईस रशीदचा सलाम.

मी खुशाल आहे. तेल शोधायला आलेल्या अमेरिकनांना वाळवंटातली वाट दाखवतो. जेवण पोटभर मिळतं, फक्त त्यांच्या डब्यातल्या मासळीला मी हात लावत नाही. तुझा खोकला थांबला का? खरं कळव.

परवा मोटार एका टेकडीपाशी थांबली. कुठली, ते तू ओळखलं असशील. त्या अमेरिकनांपैकी मिलरने नकाशा उघडून विचारलं, "रशीद, हिचं नाव काय?" विचारतील ते सांगायचं, असा राजाचा हुकूम आहे. पण त्या टेकडीला नावच नव्हतं. मी म्हणालो, "शम्मा."

"म्हणजे काय?"

"माझी मुलगी. तापाने गेली. तिला इथेच पुरलंय."

त्याने टोपी काढली. मग नाव लिहिलं आणि म्हणाला, "इथे आम्ही खणणार नाही." त्याच्या वरचे लोक ऐकतील ना, एवढीच धास्ती वाटते.

परक्यासमोर लेकीचं नाव काढलं म्हणून तुझा भाऊ चिडेल. तू चिडू नकोस. सहा वर्षांत आपण दोघांनीही ते नाव घेतलेलं नाही. मिलर अजून 'शामा' म्हणतो. मी रोज त्याची चूक सुधारतो, आणि तेवढ्यापुरती मला लेकीला हाक मारता येते.

अल्लाह तुम्हा दोघांना सुखरूप ठेवो.

सालेमचा बाप