गोदामातलं पाळणाघर

प्रिय दमयंती (दुसरं काहीतरी लिहिणार होतो, पण सवय मोडत नाही),

कुंभवलीत आता सगळे म्हणतात, कारखान्यातल्या ठमीचा जिव्या माझ्या आईच्या हातून पडला. तुमच्या कारखान्याने तसं लिहूनच दिलंय: पोर सोजराबाईच्या घरी पडलं, मांडी मोडली, कारखान्याचा संबंध नाही. बाया आता आईकडे सांभाळायला पोरं आणीनाशा झाल्यात. घर इतकं गप्प कधी नव्हतं. आई चुलीपुढे नुसती बसून असते.

आमचं घर तुला माहीत आहे. कॉलेजात असताना पालघरहून यायचीस, वाशाला टांगलेल्या झोळ्यांखालून वाकून आत शिरायचीस. ‘विश्राम, तुझी आई अख्ख्या गावाची आई रे!’ एक झोळी तू हलवायचीस, एक मी. मला वाटायचं, आपलाच संसार मांडलाय. हसू नकोस. मग मी सरांच्या अंगावर धावून गेलो, कॉलेज सुटलं. तू शिकलीस, कारखान्याच्या ऑफिसात खुर्चीवर बसलीस आणि रस्त्यात ओळख देईनाशी झालीस.

ओळख दिलीस ती त्या दिवशी, कामापुरती. तीसच्या वर बाया कामाला असल्या की कारखान्यात पाळणाघर हवंच, हा कायदा मला तूच सांगितला होतास, केवढ्या तावात! आणि तूच दारात येऊन म्हणालीस, ‘मावशी, तपासणीला सरकारी साहेब येतायत. सकाळपुरतं पोरं घेऊन आमच्या गोदामात चला.’ मी नको म्हटलं. आई म्हणाली, ‘दमी दारात आलीय, तिला नाय कसं म्हणू? तू गप रं, तुजं डोकं कायम तापलेलं.’

गोदामात वासा कुठला? आईने वरच्या पाइपाला झोळ्या बांधल्या, घरी बांधते तशाच, कोळ्यांकडून आणलेल्या नायलॉनच्या दोरीने. पाइप वाफेचा, पण तेव्हा गार होता. साहेबांना आवाज नको म्हणून तुम्ही वाफ बंद ठेवली होती. साहेब ‘पाळणाघर’ अशी ओली पाटी बघून, चहा पिऊन गेले, आणि पोरं काढायच्या आधीच कुणीतरी वाफ सोडली. दोऱ्या वितळायला लागल्या. बाकीची पोरं आईने ओढून काढली. जिव्या राहिला, झोळीसकट खाली आला.

ठमी बोलत नाही. बोलली तर काम जाईल, आणि मासवणला परत जाऊन खाणार काय? तिचा मला राग नाही. घरी पोरं सांभाळणाऱ्या बाईसाठी कुठलाच कायदा नाही, म्हणून आईच्या बाजूने कागदाची एक ओळ नाही. कायदा आहे तो तुम्हाला, आणि पाळायची वेळ आली तेव्हा तुम्ही आमची झोळी, आमची दोरी, माझी आई उसनी नेलीत. मी दगड घेऊन गेटवर निघालो होतो. आईने दार अडवलं. ‘दमीला काय बोलू नको. वाफ सोडतील ते तिला म्हायीत नव्हतं.’

नसेलही. पण पोर कुठे पडलं ते तुला माहीत आहे. सोमवारी साहेब तेच विचारायला परत येतायत. ठमी धावत येण्याआधी जिव्याला तूच उचललंस. तेवढंच त्यांना सांग. तुझी नोकरी जाईल, हे कळूनच मागतोय, त्यासाठीच हे पत्र. माझ्यावरच्या प्रेमाखातर नको. तसं तू कधी म्हणालीच नाहीस, मीच म्हणत आलो. आई अजून तुझी बाजू घेते. सोमवारनंतर तिने घ्यावी की नाही, ते तू ठरव.

तुला नको असलो तरी तुझाच,
विश्राम