सिंहाखालचा खड्डा

२२ मेहर

नाही म्हणजे नाही! एक तोमान पाठवणार नाही. कितीदा सांगायचं? जहानबख्शदादाला वाटतं, मी इथं शूशच्या माळावर बसून नोटा मोजतो. मी चिखल तुडवतो! माती, पाणी, भुसा — तुडवायचं, आंबू द्यायचं, मग चोगा जंबीलच्या भिंतींना लिंपायचं, आबान महिन्यात पाऊस लागायच्या आत. तीन हजार वर्षांचं देवाचं घर म्हणे. दरसाल आम्ही लिंपतो, दरसाल पाऊस धुतो.

आणि तिकडे इझेच्या डोंगरात दादा पणजोबाच्या थडग्यावरचा दगडी सिंह आडवा करून बसलाय. खाली सोनं आहे म्हणे!

२३ मेहर

इस्फहानच्या कुणा माणसानं फोटो बघून सांगितलं — सिंहाचा पंजा जिकडे, सोनं तिकडे. त्याचे पैसे घेतले ते वेगळेच. आता दादाला सोनं शोधायचं यंत्र हवंय. म्हणतो, "तुला खुणा वाचता येत नाहीत." म्हटलं, "तुला येतात? दोघंही पाचवीतून पळालो आपण." हसला. मग म्हणाला, "उगाच सिंह बसवतात का रे?"

उगाच नाही. पणजोबा शूर होता म्हणून सिंह. बरगडीवर तलवार कोरलीय. पण तो गेला त्या साली घरात पीठ नव्हतं. आईच सांगते. सोनं कुठून पुरणार?

२७ मेहर

चासेब मिस्त्रींना सांगितलं. इथलेच अरब, जन्म गेला या भिंतींवर. म्हणाले, "अरे डोंगऱ्या, इथं राजांची थडगी उघडली, त्यांत राख निघाली. तुझ्या पणज्यानं राजाहून जास्त बरोबर नेलं काय?"

सगळे हसले. मीही. 

१ आबान

आईचा फोन. दादा खड्ड्यातच जेवतो. ती दोरीनं भाकरी सोडते.

मी ओरडलो — सोडू नकोस! उपाशी राहिला की येईल वर!

"लेकरू आहे रे माझं."

तिशी उलटलेलं लेकरू!

२ आबान

आज शिडीवरून पडता पडता वाचलो. लक्ष नाही कामात.

५ आबान

दादाचा फोन. आवाज निराळाच. यंत्र नको म्हणतो. फळ्या हव्यात, खांब हवेत. "माती भुसभुशीत लागलीय रे. बाजूंना टेकू द्यायला हवा. दोन कोटी पाठव. उसने समज."

म्हटलं, "लाकूड नाही तर खणणं नाही. वर ये."

"येईन की. सोनं घेऊन येईन! तुझ्या लग्नात उधळू."

पैसे आहेत माझ्याकडे. दोन कोटी तोमान म्हणजे एक जुनी मोटरसायकल; तिच्यासाठीच साठवलेत. पण दिले तर तो आणखी खोल जाईल. नाही दिले तर थांबेल.

मिस्त्रींना तसं बोललो. त्यांनी थापी खाली ठेवली. मग म्हणाले, "पोरा, खणणारा लाकडावाचून थांबत नाही."

मी चिडलो. तुम्ही माझ्या भावाला ओळखत नाही म्हटलं. काय तोंड माझं! पण ओळखत नाहीतच ते.

९ आबान

पाऊस. ताडपत्र्या घेऊन धावलो. तरी दोन दिवसांचं लिंपण वाहून गेलं. मिस्त्री शिव्या घालत होते — आम्हाला, ढगांना, सगळ्यांना.

डोंगराकडे आभाळ काळंकुट्ट.

दादाचा फोन लागत नाही.

१० आबान

लागत नाही. आईचाही नाही. इझेच्या पुढे दरड कोसळलीय, गाड्या बंद. खड्ड्यात फोन लागत नसेल. नसेलच लागत!

१२ आबान

रस्ता अजून बंद. आज आईचा फोन लागला. काल दादाला माती दिली. गावातल्यांनी ढासळलेल्या खड्ड्यातून वर काढला आणि पणजोबाशेजारीच पुरला.

आई विचारते, सिंह कुणाच्या उशाशी उभा करू? म्हटलं, दोघांच्या मधे. माणसं लाव, दगडवाल्याला बोलव.

"इतके कशाला पाठवतोस? एवढे नाही लागत."

त्यानं मागितले होते तेवढेच पाठवतोय. दोन कोटी तोमान.