घंटी आली की बोट वर

१२ नोव्हेंबर १९९५, रविवार
ह्यांचे हॉस्टेलचे दोस्त बापू भावजी सकाळीच कळसहून मोटरसायकलवर दारात. हातात पेपर. चपला न काढताच आत. “वशा, येत्यात! जानेवारीत मुंबईला येत्यात!” ह्यांच्या गालाला दाढीचा साबण. तसेच उठले आणि भावजींना मिठी. दोघं बाप्ये, कानशिलं पांढरी झाली, आणि बाहेरच्या खोलीत नाचतायत. पल्लवी अभ्यास सोडून खो खो हसत होती.

कोण येतंय, तर त्यांचा तो विलायती बँड. दोघांचं पुण्याच्या हॉस्टेलपासूनचं वेड. वीस-वीस मिनिटांचं एकेक गाणं, त्यात गाणारा निम्मा वेळ गप्पच. लग्न झालं तेव्हा माझ्या वाट्याला एक पलंग, एक स्टोव्ह आणि ती कॅसेट आली, लंडनच्या कुठल्या हॉलमधल्या कार्यक्रमाची. स्टुडिओतलं रेकॉर्डिंग ह्यांना चालत नाही. “त्यात समोर माणसं न्हाईत. समोर माणसं असली की ते वेगळंच वाजवत्यात.”

साखर कारखान्याचा हंगाम चालू. ऊस गाळणाऱ्या मिल हाऊसच्या माणसाला जानेवारीत रजा कोण देणार? पण आज ते विचारायची सोय नव्हती. साबण गालावरच वाळला.

१५ नोव्हें.
फॅक्टरीतून आल्या आल्या कॅसेट. चहा घेतला नाही. मग आपलं पुढं-मागं, पुढं-मागं. “टेप घासली. वरचे सूर गेले. घंटीच येत न्हाय.”

घंटी म्हणजे त्या मोठ्या गाण्यात शेवटाकडं सगळे थांबतात. अख्खा हॉल चिडीचूप. एक माणूस खोकतो, तोही आता आमच्या घरचाच झालाय. मग ड्रमवाला एकदाच बारीक घंटी वाजवतो, सायकलच्या घंटीपेक्षा बारीक, आणि तिच्यामागून ऑर्गन सुटतो. हॉस्टेलचा नियम होता: दिवा बंद, कुणी बोलायचं नाही, घंटी आली की बोट वर. बस. अजून पाळतात.

मी आत भाकरी करत होते. स्टोव्ह चालू. मला आली घंटी. स्वच्छ आली.

ह्यांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

१९ नोव्हें.
अख्खा रविवार रेकॉर्डर उघडा टेबलावर. स्पिरिट, कापूस, स्क्रू ड्रायव्हर. मग दुरुस्तीच्या दुकानात, मलाही नेलं, बाजार होता म्हणून. दुकानदार म्हणाला, “साहेब, हेड चांगलंय. टेप पण चांगली हाय.” हे त्याच्यावरच भडकले. “तुला ह्यातलं काय कळतंय? तू भजनाच्या कॅसेटी विक.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीशीचा माणूस असा बोलतो का कुणाला?

येताना भाजी राहिलीच.

२४ नोव्हें.
मनात पाल चुकचुकली ती काही गप्प बसेना. म्हणून चार दिवस नुसती बघतेय. कुकरच्या शिट्ट्या: मोजायला सांगितलं तर म्हणाले, झालीच नाही अजून एकपण. खिचडी करपली. फोन वाजतो, हे पेपर वाचतात. पल्लवी मागून पप्पा पप्पा करते, ओ नाही. समोर येऊन बोललं की सगळं कळतं. आणि मी इतके दिवस समजत होते, लक्ष नाही, बायको-पोरीचं ऐकायचं नाही ह्या माणसाला. कित्येकदा भांडले त्यावरून.

लग्नाच्या आधीपासून मिलमध्ये. तिथं दोन माणसं समोरासमोर उभी राहून ओरडून बोलतात. मी एकदा गेले होते बघायला, घरी आल्यावरही डोकं घणघणत होतं. कानाला काय लावतात का तिथं? विचारलं नव्हतं कधी.

 

६ डिसेंबर
गल्लीतली निम्मी मंडळी दादरला. आम्ही इथंच विहारात. वंदनेला हे माझ्या पुढं. भन्ते हळू म्हणतात, आपण मागून म्हणायचं. हे दर ओळीला मागं पडत होते. शेजारच्याच्या ओठाकडं बघून म्हणत होते. लहानपणापासून पाठ असलेली वंदना.

डोळे भरून आले. शेजारच्या मावशींना वाटलं, दिवस तसा आहे म्हणून. असू दे.

१० डिसें., रविवार
कळसला कॅसेटची बैठक. मुंबईआधीची शेवटची, म्हणून मलाही आमंत्रण. भावजींच्या मळ्यातल्या घरी लाईट नव्हती, रेकॉर्डर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. भावजींनी दार-खिडक्या लावल्या. “वहिनी, आता बोलायचं न्हाय बरं का.” जसं काही मीच तिथं बडबडायला बसले होते!

गाणं थांबलं. खोकला झाला. घंटी. भावजींचं बोट वर. ह्यांचं नंतर. आधी भावजींच्या हाताकडं बघितलं आणि मग वर केलं. मी पाहिलं. भावजींनीही पाहिलं. त्यांचं बोट वरच राहिलं, खाली घ्यायचं सुचेना.

निघताना हे गाडी चालू करत होते तेव्हा भावजी माझ्याजवळ आले. “वहिनी, कदीपास्नं?” म्हटलं, माहीत नाही हो. म्हणाले, “मी न्हाय सांगणार त्याला. माझ्यानं न्हाय व्हायचं.” म्हणजे मीच. छान!

१३ डिसें.
आज सांगणार होते. पाहुणे आले.

१४ डिसें.
आज पाहुणे नव्हते तरी नाही सांगितलं. भित्री मेली.

१७ डिसें.
सांगितलं. नीट नाही, भांडणात. हे नवा रेकॉर्डर घ्यायचा म्हणत होते. मी लाटणं आपटलं आणि बोलून गेले: “रेकॉर्डर चांगला आहे. टेप चांगली आहे. तुमचे कान गेलेत!” एवढं मोठ्यानं, की शेजारी कळलं असेल. ह्यांना पहिल्यांदाच सगळं ऐकू गेलं.

 चपला घालून बाहेर. अंधार पडायच्या आत आले. जेवले. “आमटी बरी झालीया,” एवढंच. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

२० डिसें.
कानाच्या डॉक्टरांकडं. भावजी जबरदस्तीनं घेऊन आले, आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून नेल्यासारखं. कानाला ते यंत्र लावून तपासलं. मी काचेतून बघत होते. आवाज आला की बोट वर करा असं सांगितलं होतं. इथंही बोटच! सुरुवातीला पटापट वर जात होतं. मग नाही. मग कितीतरी वेळ नाहीच. हे मांडीवर हात ठेवून शाळेतल्या पोरासारखे वाट बघत बसलेले. 

डॉ. म्हणाले, बारीक, वरचे आवाज गेलेत, ते परत यायचे नाहीत. बाकीचं आहे ते जपा. मिलमधून बदली मागून घ्या. मोठे आवाज टाळा. भावजींनी भीत भीत कार्यक्रमाचं काढलं. डॉ. आधी हसले, मग म्हणाले, “जायचंच असलं तर कानात कापूस गच्च घालून, मागं बसा. न गेलेलं बरं.”

रस्त्यात हे: “कापूस घालून ऐकायचं? मग जायचं कशाला?”

२७ डिसें.
आठवडाभर माझं डोकं ठिकाणावर नाही. शाळेत नववीच्या वर्गात दहावीचा धडा घेतला.

जाऊ नका म्हणावं, तर माणूस आयुष्यभर ह्या एका संध्याकाळसाठी थांबलाय. आमच्या लग्नाला आला नसेल एवढ्या हौसेनं इस्त्री करून सदरा ठेवलाय. जा म्हणावं, तर राहिलंय तेही घालवून आला तर? पल्लवीचं बोलणं अजून कळतंय. तेवढं तरी...

बदलीचा अर्ज? विचारलं. “स्टोअरला बसून खिळे मोजू?” म्हणे, मिलच्या आवाजावरून बेअरिंग कुठलं गरम होतंय ते सांगतो मी. म्हटलं, अजून सांगता येतं? उठून बाहेर गेले.

बोलायला नको होतं मी ते.

४ जानेवारी १९९६
रजा मिळाली. साहेबांना काय सांगितलं कोण जाणे. भावजी म्हणाले, “तिकिटं तीन काढलीत. वहिनी, तुमी पायजेच.” मी कशाला? मला त्यातलं काय कळतंय? तर भावजी हळूच, “त्याच्या शेजारी कोण बसंल?”

कापूस घेऊन ठेवलाय. कार्यक्रमानंतर, अठरा तारखेला डॉ.नी परत बोलावलंय.

१४ जाने., रविवार
सकाळी परत आलो. डोळ्यांवर झोप आहे, पण आत्ता लिहिलं नाही तर राहील.

मैदान भरलेलं. मला वाटलं होतं, केस वाढवलेली पोरं असतील. होती थोडी. पण निम्मे आपल्यासारखेच, पोट सुटलेले, टक्कल पडलेले, कुणी नागपूरचा, कुणी गुवाहाटीहून आलेला. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसं “तुमच्याकडं कुठली कॅसेट?” विचारत होती. भावजींना लंडनच्या कॅसेटवाला एकजण भेटला. दोघांनी एकदम त्या खोकल्याची नक्कल केली आणि गळ्यात पडले. मला हसू आवरेना. मागं बसायचं ठरलं होतं. हे पुढं सरकत राहिले, मी सदरा धरून मागं मागं.

कापूस मी स्वतः घातला, दोन्ही कानांत. निमूट घालून घेतला. पहिली गाणी तशीच ऐकली. म्हाताऱ्या माणसांनी वाजवलं, पण काय वाजवलं! छातीत धडधडत होतं, जमीन हलत होती. मग मोठं गाणं सुरू झालं, पहिल्या सुरालाच सगळं मैदान उठलं. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. कापूस काढला आणि माझ्या हातात दिला.

मी मूठ मिटली. नको म्हणायचं होतं. तोंडच उघडलं नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्यांना तसं उभं बघायचं होतं.

मलाही सगळं पाठ निघालं. कुठं थांबणार, कुठं परत उचलणार. इतकी वर्षं भाकऱ्या करता करता मी हे कधी शिकले?

गाणं थांबलं. हजारो माणसं गप्प.  आजूबाजूला बघितलं तर सगळीकडं तीच शांतता धरून उभी माणसं. आणि घंटी आलीच नाही. ड्रमवाला नवा आहे, जुना आता त्यांच्यात नाही, त्यानं नुसती मान हलवली आणि ऑर्गन सुटला. वाजवलीच नाही त्यांनी.

ह्यांचं बोट वर होतं. नेमक्या वेळी. डोळे मिटलेले, गालावरून पाणी. मग वाकून माझ्या कानात, “ऐकलीस?”

मी म्हणाले, “हो.”

दुसरं काय म्हणायचं होतं?

परतीच्या एसटीत भावजी मागच्या सीटवरून मोठ्यानं, “सगळं झ्याक, पण घंटी खाल्ली की रं त्यांनी!” त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी डोळे वटारले तेव्हा जीभ चावली. हे खिडकीबाहेर बघत होते. वळले नाहीत. ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. भिगवण येईपर्यंत त्यांच्या मानेकडं बघत होते.

१५ जाने.
ह्यांच्या कानात शीळ वाजतेय, म्हणाले. मुंबईपासून. थांबत नाही. “जाईल,” म्हणतात. मी आज दोनदा मागून हाक मारून बघितली. एकदा ओ आली. दुसऱ्यांदा नाही. कार्यक्रमाआधीही असंच होतं ना? असंच होतं. बहुतेक.

कापूस अजून माझ्या पर्समध्ये आहे. तेव्हाच मूठ उघडून तो परत द्यायचा होता मी.

१७ जाने.
उद्या डॉ. आज हे पहिल्यांदा स्वतःहून म्हणाले, “किती वाजता जायचंय?” बदलीच्या अर्जाबद्दल काही नाही. मीही काढलं नाही.

मग संध्याकाळी रेकॉर्डर पुसून टेबलावर ठेवला. कॅसेट लावली. आवाज नेहमीएवढाच, मोठा नाही. दिवा नाही घालवला. मला हाक मारली, “हितं बस जरा.” म्हटलं, भाजी टाकलीय. “राहू दे भाजी.” माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

“मुंबईत तू हो म्हणालीस,” म्हणाले.

  रागावलेत की हसतायत, तोंडावरून कळेना. मग म्हणाले, “आज खरं सांग. घंटी आली की बोट वर कर.”

वही मांडीवर घेतलीय, नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय. गाणं अर्ध्यावर आलंय. भाजी लागल्याचा वास येतोय. पल्लवी आतून विचारतेय, स्टोव्ह बंद करू का? तिला खूण केली.

आता सगळे थांबले. तो माणूस खोकला. हे माझ्या मोकळ्या डाव्या हाताकडं बघतायत.