वेल्कोची गाडी

७ मार्च, गुरुवार

— आणि सगळ्यांच्या आधी टपकली कोण, तर शेजारची स्पास्का! पाहुणे माझे, पण फाटकात ही उभी. हातात लोणच्याची बरणी, म्हणजे आत यायला निमित्त. मागून माझी नात रालित्सा नि तिचा नवरा यासेन, चौकापासून चालत. यासेनने छातीशी गाडीची नवी बॅटरी धरलेली, तान्हं मूल धरावं तशी. स्पास्का म्हणते, "अगं रुसे, मला वाटलं पणतू आणला!" हसून हसून पोट दुखलं. तसं ते हल्ली न हसताही दुखतं. डॉक्टर काय म्हणाला ते पोरीला सांगितलेलं नाही. इथेही आज लिहीत नाही.

गाडीचं असं आहे. माझा नवरा वेल्को ऑक्टोबरात गेला, तेव्हापासून ती शेडमध्ये मेलेली पडलीय. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते — चांगली घालते हो! मुलगा स्पेनहून फोन करतो: आई, सोमवारी भंगारवाला येईल, देऊन टाक. मी म्हटलं, शनिवारी मृतांचा दिवस. वेल्कोची कबर डोंगरापलीकडे त्याच्या गावात, बस बंद पडली, मी जाऊ कशी? रालित्साने मधेच फोन घेतला — बाबा, चालू झाली तर गाडी राहील. नाही झाली तर न्या म्हणावं.

हिने जन्मात बॉनेट उघडलेलं नाही. मीही नाही!

८ मार्च

आज बायकांचा सण. यासेनने आम्हा दोघींना ट्यूलिप दिले. ते पाण्यात ठेवले नि दोघी कोपरापर्यंत काळ्या झालो.

यासेन फोनमध्ये बघून वाचायचा, आम्ही दोघी करायचो. काढताना वजाची तार आधी. लावताना अधिकची आधी. उलट केलं तर ठिणगी. जुनी काढली, दोघांनी मिळून पिठाच्या काथवटीत ठेवून बाहेर नेली. तारांच्या टोकांना पांढरी-हिरवी बुरशी. रालित्साने सोडा कालवला, म्हणाली एखादा जुना ब्रश दे. मी आत जाऊन आणला. तिने ओळखला. आजोबांचा, म्हणाली. म्हटलं, घास. त्याने स्वतःचे दात एवढे कधी घासले नाहीत.

मग माझा घोळ. दोन्ही तारा मळून एकाच रंगाच्या. रालित्सा म्हणाली, आजी, ही अधिकची, हिला लाल धागा बांध. घरात कुठला लाल धागा? मनगटावरचा मार्चचा गोफ सोडला, लाल-पांढरा. अर्ध्याने ती तार बांधली. अर्धा उरला. म्हटलं, तब्येतीसाठी बांधतात तो, एकीला बांधायचा नि दुसरीला नाही? तिलाही बांधला! पोर वळून बघते तर दोन्ही तारा नवरीसारख्या सजलेल्या. आता कुठली कुठली? यासेन म्हणाला, "आजी, तुम्ही भेदभाव केला नाहीत, पण गाडी पेटेल ना!"

रालित्सा टॉर्च घेऊन आत वाकली. तारेवर बोट फिरवत फिरवत गेली. एक तार गाडीच्या पत्र्यालाच बोल्टने आवळलेली. म्हणजे ही वजा! माझी नात आहे.

स्पास्का मात्र तोंड पाडून — करकोचा दिसायच्या आधी गोफ सोडलास? तब्येतीला वाईट. म्हटलं, करकोच्याची नि माझी गाठ पडतेय कुठे.

नंतर किल्ली.

इंजिन लागायच्या आधी वायपरच सुरू झाले. शेडच्या छपराखाली, कोरड्या काचेवर, करकर करकर. हीटरही भसाभसा. रालित्सा घाबरली, मी काही दाबलं नाही म्हणते.

तिने नव्हतंच दाबलं. ऑक्टोबरातल्या त्या दिवशी पाऊस होता. वेल्को तालुक्याहून आला, बटणं तशीच ठेवून नुसती किल्ली काढली नि घरात आला. पाय गार पडलेत म्हणाला. मी सूप वाढत होते. ताट ठेवेपर्यंत मान कलंडली होती.

रालित्साने बटणाकडे हात नेला.

"राहू दे गं," मी म्हटलं. "थोडं पुसू दे त्याला."

९ मार्च, शनिवार

गेलो! रालित्सानेच चालवली. यासेन मागे, मांडीवर उकडलेला गहू नि वाईन. कोंबडीला उतरवावं लागलं, ती रागावलीय.

जाताना मी रस्ता सांगितला. कबरीवर वाईन ओतली, गहू वाटला. दगडावर वेल्कोशेजारी माझंही नाव, फोटो, जन्माचं साल, पुढे रेघ — तेव्हाच कोरून घेतलं होतं. सगळेच घेतात. पण शहरातली पोर, ढसाढसा रडली. म्हटलं, रडतेस काय, फोटोत किती गोरी आलेय बघ.

येताना मी मुद्दाम गप्प बसले. तिचं तिने शोधू दे. गिरणीपाशी चुकली, मग आपणच वळली.

१० मार्च

गाडी दोघांना देऊन टाकली. मला कुठे चालवता येते. निघताना रालित्सा म्हणे, किती वाळलीस, जेवत नाहीस. म्हटलं, माझ्या ताटातलं चोरणारा गेला, भूक कुठून लागणार. गाडीपुढे तांब्याभर पाणी ओतलं, वाट पाण्यासारखी सरळ जावो म्हणून. वायपर एकदा फिरवून दाखवले पोरीने. शहाणी.

११ मार्च

भंगारवाला आला. रिकामी शेड बघून जुनी बॅटरी तेवढी घेऊन गेला.

दोघं पुढच्या, जूनमधल्या मृतांच्या शनिवारी येतो म्हणालेत. बावीस तारीख. नक्की, म्हणाली.

डॉक्टर ईस्टरपर्यंत म्हणालाय, म्हणजे मेच्या सुरुवातीपर्यंत. असो. रस्ता पोरीला पाठ झालाय.